काच टिकते, जोड निखळतात

3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं, तेव्हा वाऱ्याचा वेग ताशी 110 ते 120 किलोमीटर होता. श्रीवर्धन, मुरूड, दापोलीच्या पट्ट्यात नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या, कौलं आणि पत्रे उडाले, विजेचे खांब मोडले. कित्येक गावांत लाईट यायला आठवडे लागले. त्या वेळी या भागातल्या घरांवर सोलार तसे तुरळकच होते. फेब्रुवारी 2024 मध्ये प्रधानमंत्री सूर्यघर योजना सुरू झाली, तीन किलोवॉट आणि त्यापुढच्या यंत्रणेला 78,000 रुपयांपर्यंत अनुदान मिळू लागलं आणि चित्र पालटलं. आता तालुक्याच्या गावीसुद्धा गच्च्यांवर निळ्या-काळ्या पॅनेलच्या रांगा दिसतात. पुढच्या मोठ्या वादळाच्या, गारपिटीच्या वाटेत ही सगळी घरं असणार आहेत. अनुदानाचा अर्ज कसा भरायचा हे आज बहुतेकांना ठाऊक आहे, पण वादळ ओसरल्यावर गच्चीवरच्या त्या यंत्रणेचं काय करायचं, हे बसवणारा क्वचितच समजावून सांगतो.

आधी एक भीती दूर करायला हवी. पॅनेलची काच वाटते तितकी नाजूक नसते. ती टफन केलेली असते. नेहमीच्या पॅनेलमध्ये ती साधारण 3.2 मिलिमीटर जाडीची असते आणि दोन्ही बाजूंनी काच असलेल्या पॅनेलमध्ये प्रत्येकी 2 मिलिमीटरच्या आसपास. बाजारात येण्याआधी पॅनेलच्या नमुन्यांची जी आंतरराष्ट्रीय चाचणी होते, तीत 25 मिलिमीटर व्यासाचे बर्फाचे गोळे सेकंदाला 23 मीटर, म्हणजे ताशी 80 किलोमीटरहून जास्त वेगाने पॅनेलवर 11 ठिकाणी मारले जातात. अमेरिकेत कोलोरॅडो राज्यातल्या राष्ट्रीय अक्षय ऊर्जा प्रयोगशाळेवर मे 2017 मध्ये जबर गारपीट झाली. तिथल्या एका इमारतीच्या छपरावर 3000 हून अधिक पॅनेल होते आणि त्यांतलं फक्त एक फुटलं.

अर्थात या चाचणीलाही मर्यादा आहे. गारेचा व्यास दुप्पट झाला की तिचं वजन आठपट होतं आणि ती खाली येते तीही अधिक वेगाने. त्यामुळे 25 ऐवजी 50 मिलिमीटरची गार साधारण सोळापट ऊर्जेने आदळते. फेब्रुवारी-मार्च 2014 मध्ये मराठवाडा, विदर्भ आणि उत्तर महाराष्ट्राला झोडपणारी गारपीट ज्यांनी पाहिली, त्यांना मोठी गार म्हणजे काय ते सांगायला नको. गारपिटीनंतर पॅनेल ठीक असतीलच असं गृहीत धरू नये आणि सगळं संपलं म्हणून हायही खाऊ नये. गार केवढी होती ते बघावं, जमल्यास मोजपट्टी शेजारी ठेवून तिचा फोटो काढावा. पुढे विम्याच्या दाव्यातही तो कामी येतो.

वाऱ्याचं गणित वेगळं आहे. बांधकामाच्या भारतीय मानकानुसार पुण्यासाठी मूळ वाऱ्याचा वेग सेकंदाला 39 मीटर धरला जातो आणि मुंबई व नागपूरसाठी 44 मीटर. 39 मीटरच्या झोतात प्रत्येक चौरस मीटरवर सुमारे 90 किलोचा दाब येतो. आजकालचं 540 वॉटचं पॅनेल अडीच चौरस मीटरहून मोठं असतं. म्हणजे ढोबळ हिशेबाने एकेका पॅनेलवर दोनशे किलोहून अधिक जोर लागू शकतो आणि तो पुष्कळदा वरच्या दिशेने, उचलणारा असतो. पॅनेलचं स्वतःचं वजन असतं तीसेक किलो. त्याला जागेवर धरून ठेवतात ते चार क्लॅम्प, काही नटबोल्ट आणि स्लॅबमध्ये बसवलेले अँकर. गच्ची वापरायला मोकळी राहावी म्हणून आपल्याकडे आठ-दहा फूट उंचीचं स्ट्रक्चर करायची पद्धत रुळली आहे. सोय चांगली आहे, पण वारा खालून मोकळा शिरतो आणि पॅनेल शिडासारखं फुगवू पाहतो. लाखांची यंत्रणा अशी काही रुपयांच्या बोल्टांवर उभी असते. वादळानंतर तपासायचं ते मुख्यतः हे जोड.

तपासणीची सुरुवात मात्र गच्चीवर होत नाही. वारा थांबला की शिडी लावून वर जायची घाई अनेकांना होते आणि तीच सगळ्यांत घातक ठरते. ढगांचा गडगडाट ऐकू येत असेल तर वर जाऊच नये. शेवटचा गडगडाट झाल्यावर निदान अर्धा तास थांबावं. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने तयार केलेलं दामिनी हे ॲप आपल्या आसपास वीज पडण्याची शक्यता दाखवतं, ते फोनमध्ये असू द्यावं. तोवर खाली उभं राहून किंवा शेजारच्या गच्चीवरून, फोनचा कॅमेरा झूम करून बरंच काही दिसतं. पॅनेलची रांग सरळ आहे का, एखादा कोपरा उचललेला आहे का, एखादी काच पांढुरकी पडली आहे का, वायर लोंबकळते आहे का, आकाशातल्या विजेपासून बचाव करणाऱ्या अरेस्टरचा दांडा वाकला आहे का? टफन काच फुटली तरी तिचे तुकडे गळून पडत नाहीत, कारण आतला चिकट थर त्यांना धरून ठेवतो. लांबून असं पॅनेल फक्त धुरकट दिसतं. जे दिसेल त्याचे फोटो, पडलेल्या फांद्या आणि झावळ्या हलवण्याआधी, तारीख-वेळेसह काढून ठेवावेत.

मग जिन्याखालच्या किंवा पोर्चमधल्या इन्व्हर्टरकडे जावं. वादळानंतर हमखास ऐकू येणारी तक्रार म्हणजे ‘सोलार असून घरात अंधार कसा?’ पुष्कळदा यात बिघाड काहीच नसतो. बॅटरी नसलेला, महावितरणच्या लाइनला जोडलेला इन्व्हर्टर बाहेरची वीज गेली की स्वतःहून बंद पडतो. तसं त्याने केलंच पाहिजे. नाहीतर तुमच्या गच्चीवर तयार झालेली वीज बाहेरच्या तारांत शिरेल आणि खांबावर चढलेल्या वायरमनच्या जिवावर बेतेल. लाईट आल्यावर काही मिनिटांत तो पुन्हा सुरू होतो. तोवर त्याला फसवून चालू करण्यासाठी जनरेटर जोडण्याचे उद्योग कोणी सुचवले, तरी ते करू नयेत.

लाईट आल्यावरही इन्व्हर्टर लाल दिवा किंवा एखादा कोड दाखवत असेल, तर त्याचा फोटो काढा. पावसानंतर नेहमी दिसणारा दोष म्हणजे आयसोलेशन फॉल्ट. वायरवरचं आवरण कुठेतरी सोललेलं असतं किंवा जोडात पाणी शिरलेलं असतं आणि त्यातून वीज फ्रेमकडे, जमिनीकडे झिरपते. सकाळी सगळं ओलं असताना हा दोष येतो, दुपारी ऊन पडून सुकलं की नाहीसा होतो आणि इन्व्हर्टर मुकाट्याने कामाला लागतो. घरातले म्हणतात, ‘झालं बरोबर आपोआप.’ माझ्या मते संपूर्ण यंत्रणेतली ही सर्वांत दुर्लक्षित सूचना आहे. वाऱ्याने हलून हलून पत्र्याच्या धारेवर घासलेली वायर आधी अशीच कधीमधी तक्रार करते. तिच्याकडे लक्ष दिलं नाही, तर त्याच जागी पुढे ठिणगी पडू शकते.

ही ठिणगी घरातल्या स्विचमधल्या ठिणगीहून फार वेगळी असते. महावितरणची वीज एसी, तिचा प्रवाह सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो, त्यामुळे पेटलेली ठिणगी विझायला वाव मिळतो. पॅनेलमधून येणारी वीज डीसी असते आणि तिचा प्रवाह शून्यावर येतच नाही. एकदा ज्वाळ धरली की ती जोडाची टोकं वितळेपर्यंत तशीच राहू शकते. शिवाय पॅनेलला बंद करायचं बटण नसतं. ऊन आहे तोवर ते वीज तयार करणारच. तीन किलोवॉटच्या घरगुती यंत्रणेत असे सहा पॅनेल एकामागे एक जोडलेले असतील तर वायरीच्या टोकांवर 300 व्होल्टच्या आसपास दाब असतो. खाली इन्व्हर्टर बंद केला तरी वरच्या तारांत तो असतोच. म्हणून चालू यंत्रणेत पॅनेलमागचे काळे प्लग हाताने कधीही ओढून काढू नयेत. बंद करायचा क्रम ठरलेला आहे. आधी एसी बॉक्समधला एमसीबी पाडायचा, मग इन्व्हर्टरचा डीसी आयसोलेटर फिरवायचा आणि त्यापुढचं तंत्रज्ञावर सोडायचं. वायर तुटून फ्रेमला टेकली असेल तर फ्रेमलाही हात लावू नये. दिवा लागणाऱ्या टेस्टरने तिथे खात्री होत नाही. गच्चीवर आग लागलीच, तर पाण्याच्या बादल्या घेऊन धावण्याऐवजी घरातल्यांना बाहेर काढून अग्निशमन दलाला बोलवावं आणि घरावर सोलार आहे हे फोनवरच सांगावं.

पुराच्या गावांत ही खबरदारी दुप्पट घ्यावी लागते. 22 जुलै 2021 रोजी चिपळूण शहरात पाणी शिरलं तेव्हा तळमजले पूर्ण बुडाले. सांगली-कोल्हापूरने 2019 आणि 2021 अशा दोन्ही वर्षी ते सोसलं. अशा ठिकाणी पॅनेल गच्चीवर कोरडे राहतात आणि तळमजल्याच्या भिंतीवरचा इन्व्हर्टर पाण्याखाली जातो. वर ऊन पडलं की त्या बुडालेल्या पेटीपर्यंत वीज येतच असते. तेव्हा घरात पाणी असताना तिच्या जवळ जाऊ नये आणि पाणी ओसरल्यावर वाळवून ‘चालू होतो का बघू’ असंही करू नये. आत साचलेला गाळ ओलावा धरून ठेवतो. पूररेषेतल्या घरांनी इन्व्हर्टर पहिल्या मजल्यावर किंवा जिन्याच्या टोपीत बसवून घ्यावा. वायर आणि मजुरीचा खर्च थोडा वाढतो, पण एका पुरात तो वसूल होतो.

आता गच्ची. ऊन पडल्यावर, फरशी सुकल्यावर, रबरी तळव्याची चप्पल किंवा बूट घालून, घरातल्या कुणाला सांगून वर जावं. सिमेंटच्या किंवा लोखंडी पत्र्यांवर पॅनेल असतील तर घरमालकाने वर चढूच नये, कारण पावसाने भिजलेला जुना पत्रा माणसाच्या वजनाने केव्हा फुटेल सांगता येत नाही. पॅनेलवर पाय किंवा गुडघाही टेकवायचा नाही. आतल्या सिलिकॉनच्या चकत्या मिलिमीटरच्या पाचव्या हिश्शाहूनही पातळ असतात. काच शाबूत राहते आणि खाली चकतीला केसासारखी चीर जाते. गारपिटीतही हेच घडू शकतं. ही चीर डोळ्यांना दिसत नाही. त्यासाठी अंधारात पॅनेलमध्ये उलटा प्रवाह सोडून खास कॅमेऱ्याने फोटो घ्यावे लागतात. घरगुती यंत्रणेसाठी तेवढा खटाटोप सहसा कोणी करत नाही, पण उष्णता टिपणाऱ्या कॅमेऱ्याने पाहिलं तर तापलेले ठिपके उन्हात लगेच कळतात. मोठी गारपीट झाली असेल तर देखभाल करणाऱ्याकडे एवढी मागणी नक्की करावी.

वर गेल्यावर नजर काचेवर कमी आणि जोडांवर जास्त असावी. प्रत्येक क्लॅम्प फ्रेमवर नीट बसलेला आहे ना, नटाखालचा वॉशर सरकला आहे का, हे बघायचं. अँकरभोवतीच्या काँक्रीटला चीर गेली असेल तर तिथून स्लॅबमध्येही पाणी मुरणार. बोल्ट सैल वाटला तरी हाताला येईल त्या पान्याने कचकचून आवळू नये. फार आवळलं तर ॲल्युमिनियमची फ्रेम दबते आणि काचेच्या कडेवर ताण येतो. कंपनीने ठरवून दिलेल्या जोराने, टॉर्क पान्याने हे काम करायचं असतं. जिथे लोखंड कापलेलं किंवा वेल्डिंग केलेलं आहे तिथे गंज आधी धरतो, त्यावर जस्ताचा थर द्यावा लागतो. कोकणात आणि गोव्यात वादळाबरोबर समुद्राचं खारं पाणीही उडून येतं. ते पॅनेलवर, क्लॅम्पवर आणि जोडांवर वाळून बसतं. तिथे वादळानंतर गोड्या पाण्याने धुणं हा देखभालीचा आवश्यक भाग आहे.

धुण्याची वेळ मात्र सकाळची किंवा संध्याकाळची ठेवावी. भर दुपारी तापलेल्या काचेवर गार पाणी ओतलं तर ती तडकू शकते. मऊ फडकं किंवा स्पंज आणि साधं पाणी पुरे. डिटर्जंट नको, तारेचा ब्रश नको आणि गाड्या धुण्याचा जोराचा फवाराही नको, कारण तो कडेच्या रबरातून पाणी आत ढकलतो. मराठवाड्यातल्या बऱ्याच बोअरचं पाणी इतकं जड असतं की ते वाळल्यावर काचेवर पांढरा थर धरतं. तिथे शेवटचा हात साठवलेल्या पावसाच्या पाण्याचा द्यावा. वादळात पॅनेलखाली अडकलेला पालापाचोळा काढायला विसरू नका. त्याने हवा कोंडते, उंदीर-खारी आसऱ्याला येऊन वायरी कुरतडतात आणि ठिणगी पडलीच तर तो आधी पेटतो. काचेवर चिकटून राहिलेलं एखादं पानही त्या चकतीला सावलीत ठेवून तापवत राहतं.

फुटलेलं पॅनेल वीज देत असलं तरी ते ठेवू नये. आत पाणी शिरतं आणि आज ना उद्या गळती होते. पण बदलताना एक गोष्ट पाहा. एकामागे एक जोडलेल्या पॅनेलमधून एकच प्रवाह वाहतो, त्यामुळे कमी प्रवाहाचं एक पॅनेल सगळ्या रांगेला आपल्या पातळीवर ओढतं. चार-पाच वर्षांपूर्वी 335 वॉटचे पॅनेल बसवले असतील आणि दुकानात आज फक्त 540 चे मिळत असतील, तर मापही जुळत नाही आणि प्रवाहही. जुळणारं पॅनेल शोधणं किंवा रांगेची फेरजुळणी करणं हे जाणकाराचं काम आहे. काढलेलं पॅनेल काचेची बाजू खाली करून, जाड कापडाने झाकून ठेवावं. ते भंगारवाल्याला देऊ नये. त्यात शिसं असतं आणि 1 एप्रिल 2023 पासून लागू झालेल्या ई-कचऱ्याच्या नियमांत सोलार पॅनेलचाही समावेश आहे. बसवणाऱ्या कंपनीमार्फतच त्याची विल्हेवाट लावून घ्यावी.

वीज पडल्याने होणारं नुकसान सगळ्यांत फसवं असतं. घरावर थेट वीज न पडता जवळच्या झाडावर किंवा लाइनवर पडली तरी तिचा धक्का तारांतून आत येतो. डीसी आणि एसी बॉक्समध्ये या धक्क्यापासून वाचवणारे छोटे भाग असतात, त्यांना एसपीडी म्हणतात. बहुतेकांवर एक बारीक खिडकी असते, ती हिरवी असेल तर ठीक आणि लाल झाली असेल तर त्या भागाने आपलं काम करून प्राण सोडला आहे. यंत्रणा चालूच राहते, पण पुढच्या धक्क्याला तोंड द्यायला मध्ये कोणी नसतं. तो भाग लगेच बदलावा. पॅनेलच्या मागच्या डबीत सहसा तीन डायोड असतात. विजेच्या धक्क्याने त्यांतला एक निकामी होऊन शॉर्ट झाला तर त्या पॅनेलचा एक तृतीयांश भाग गप्प बसतो. बाहेरून काहीच दिसत नाही. इन्व्हर्टरच्या ॲपवर मात्र डीसी दाब आधी भर उन्हात समजा 240 व्होल्ट असायचा, तो 13-14 व्होल्टनी कायमचा उतरलेला दिसतो.

अर्थिंगचं मोजमापही असंच फसवं असतं. अरेस्टर, एसी आणि डीसी यांसाठी तीन वेगळे खड्डे असतात आणि त्यांचा रोध 5 ओहमच्या आत असावा लागतो. पावसानंतर माती ओली असल्यामुळे मोजमाप छान येतं. खरी परीक्षा मे महिन्यात, माती कोरडी ठणठणीत असताना होते, आणि वळवाच्या विजा नेमक्या तेव्हाच कडाडतात. म्हणून अर्थिंग मोजायला तंत्रज्ञाला उन्हाळ्यात बोलवा.

हे सगळं कळण्यासाठी आधीचं काहीतरी लिहिलेलं लागतं. महाराष्ट्रात एक किलोवॉटमागे वर्षाच्या सरासरीने दिवसाला चार युनिटच्या आसपास वीज मिळते, पावसाळ्यात ती बरीच घटते. नुसत्या या सरासरीवर निदान होत नाही. स्वतःच्या घराचे, निरभ्र दिवसाचे आकडे हवेत. वादळाआधीच्या अशा एका दिवसाचं उत्पादन आणि वादळानंतरच्या तशाच दिवसाचं उत्पादन शेजारी ठेवलं की गळती लपत नाही. वीजबिल येईपर्यंत थांबलात तर महिना हातचा जातो.

कागदपत्रांबद्दलही स्पष्ट असावं. पॅनेलची 25 वर्षांची हमी उत्पादनक्षमतेची असते. गारा, वादळ, पूर, वीज यांनी झालेलं नुकसान तीत सहसा बसत नाही. त्यासाठी घराच्या विम्यात सोलारची रक्कम वेगळी नोंदवून घ्यावी लागते. सूर्यघर योजनेत यंत्रणा बसवणाऱ्याने पाच वर्षं देखभाल करायची असते. त्या देखभालीत वादळानंतरची तपासणी धरली आहे का, हे बसवतानाच लेखी घ्या. तोंडी आश्वासनावर राहू नका.

येत्या मे महिन्यात वळीव येण्याआधी एकदा बोल्ट, एसपीडी आणि अर्थिंग तपासून घ्या. प्रत्येक पॅनेलचा अनुक्रमांक, निरभ्र दिवसाचं उत्पादन, भर दुपारचा डीसी दाब आणि तंत्रज्ञाचा नंबर एका वहीत लिहून ती इन्व्हर्टरजवळ, पण पाण्यापासून वर ठेवा. यंत्रणा बंद करायचा क्रम घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाला शिकवा, कारण वादळ येईल तेव्हा घरी तुम्हीच असाल असं नाही.